मुंगीचा पहिला गळ

मुंगीला गळ हवा होता आणि मला तो नको होता. यावरून आमच्या घरात दोन महिने भांडण चाललं आणि शेवटी मी हरले. नऊ वर्षांची मुलगी आईला हरवते ती एकाच पद्धतीने, रोज तेच तेच बोलून. शाळेत जाताना गळ, जेवताना गळ, दात घासताना तोंडात फेस असला तरी गळ. मी नाही म्हटलं की ती रडायची नाही, रुसायचीही नाही. जरा वेळ थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. हिचं नाव मुंगी ज्याने ठेवलं त्याला बक्षीस द्यायला हवं.

माझी भीती उगाच नव्हती. मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासनीस आहे, बारा वर्षं झाली. डॉक्टरांच्या खोलीत जाण्याआधी प्रत्येक माणूस माझ्या खुर्चीत बसतो. तक्ता वाचून घ्यायचा, चष्म्याचा नंबर काढायचा, डोळ्यातला दाब मोजायचा आणि सगळं कार्डावर लिहायचं, हे माझं काम. त्या खुर्चीत एकदा एक गवंडी येऊन बसला. त्याने डोळ्यावर रुमाल धरला होता आणि रुमालातून वीतभर तंगुसाची दोरी लोंबत होती, ती गळाला लावतात ती, काचेसारखी नायलॉनची. दोरीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते रुमाल काढल्यावर दिसलं. गळ त्याचा स्वतःचा नव्हता, मेहुण्याचा होता. मेहुणा दारात उभा राहून एकच सांगत होता, की मी टाकण्याआधी मागे बघितलं होतं.

त्या गवंड्याचा डोळा गेला. तेव्हापासून गळ म्हटलं की मला तो रुमाल आठवतो, आणि आता माझीच पोर गळ मागत होती.

नवऱ्याला विचारून उपयोग नव्हता. तो लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि पंधरा पंधरा दिवस फोनवरच भेटतो. घेऊन दे की, एवढं बोलून तो मोकळा झाला. राहिले सासरे. त्यांना गल्लीतले सगळे अण्णा म्हणतात, म्हणून मीही अण्णाच म्हणते. त्यांनी चाळीस वर्षं शिवणकाम केलं. चौऱ्याहत्तरी उलटली तरी जवळचा चष्मा लावला की एका झटक्यात सुईत दोरा ओवतात आणि मग आजूबाजूला बघतात, कुणी पाहिलं की नाही म्हणून. दर रविवारी सकाळी ते तलावाच्या दगडी बांधावर गळ टाकून बसायचे. मासा मिळाला तर मिळाला, नाहीतर हवा खाऊन आलो असं म्हणायचे.

मुंगीला त्यांच्याबरोबर जायचं होतं आणि मी पाठवत नव्हते. बांधाला कठडा नाही, पायऱ्या शेवाळलेल्या आहेत आणि काम नसलेलं पोर पाण्याकडेच धावतं. मासे धरायला शिकणार असशील तर जा, नुसतं बसायला जायचं नाही, असं मी एकदा रागाच्या भरात बोलून गेले आणि तिथेच फसले. दुसऱ्या दिवसापासून गळाचा जप सुरू झाला. मला एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. ही मुलगी बादलीत पडलेल्या माशीलासुद्धा काडीवर घेऊन उन्हात ठेवते. माशाच्या तोंडात गळ अडकवायचा हिला कुठून सुचलं असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारला नाही. हट्ट म्हटला की आईबाप कारण शोधत नाहीत.

शेवटी मी अट घातली, की सामान मी स्वतः बघून घेणार. मग एका शनिवारी आम्ही तिघं मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेलो.

दुकान बोळासारखं अरुंद होतं. दोन्ही बाजूंना काठ्या उभ्या केलेल्या, मधून एका वेळी एकच माणूस जाईल अशी वाट, आणि शेवटी गल्ल्यापाशी साठीच्या एक बाई. त्यांच्या अंगठ्याला पट्टी बांधलेली होती. ती बघून मी लगेच विचारलं, की हे गळानेच झालं का. नाही, डबा उघडताना कापलं, असं बाई शांतपणे म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत आणि मला त्या तिथेच आवडल्या.

अण्णा आत येताना त्यांचा डावा खांदा काठ्यांच्या स्टँडला लागला आणि दोन काठ्या खडखडत खाली आल्या. वाटेत कशाला ठेवतात हे लोक, असं ते पुटपुटले. मी काठ्या उचलून जागेवर ठेवल्या. मी तेवढंच केलं, आणि अण्णा रागावले की दुकान दोषी हा आमच्या घरचा रिवाज आहे म्हणून मनातल्या मनात हसलेसुद्धा.

बाईंनी मुंगीचं वय विचारलं नाही, तिला गल्ल्याला पाठ लावून उभं केलं. काठी पोराच्या उंचीपेक्षा हातभर मोठी, त्याहून मोठी दिली तर पोर काठी फिरवत नाही, काठीच पोराला फिरवते, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी दोरी गुंडाळायचं एक बंद रीळ दाखवलं. त्याला मागे एक बटण होतं. बटण अंगठ्याने दाबायचं, काठी पुढे न्यायची आणि बटण सोडायचं, की दोरी सुटते. उघडं रीळ दिलं की दोरीचा गुंता होतो, मग पोर कंटाळतं आणि बाप सोडवत बसतो. रीळ म्हटल्यावर अण्णा पुढे सरसावले. त्यांनी दोरी दोन बोटांत चोळून बघितली, कापड बघावं तशी, आणि माल चांगला आहे असा निकाल दिला.

मुंगीने विचारलं, ही दोरी किती वजन पेलते. दोन किलोचा मासा आरामात येईल, असं बाई म्हणाल्या.

"सत्तर किलो पेलेल अशी आहे का?" मुंगी म्हणाली.

मला राग आला. अजून काठी हातात धरता येत नाही आणि हिला सत्तर किलोचा मासा हवा. बाईंनी मात्र तिला नीट उत्तर दिलं. इतक्या वजनाला दोरी नाही, दोरखंड लागतो, आणि तो तुझ्या हातात असला तर तूच ओढली जाशील. मुंगीने जरा विचार केला आणि दोरखंडाचं दुसरं टोक झाडाला बांधलं तर चालेल का, असं विचारलं. यावर सगळ्यात मोठ्याने अण्णा हसले. मग मी लाइफ जॅकेट मागितलं. बाईंनी ते मुंगीला घालून पट्टे आवळले. त्या पट्टे आवळत असताना ती त्यांना हळूच विचारत होती, हे फक्त मुलांनी घालायचं की म्हाताऱ्या माणसांनीपण. अण्णा पुन्हा हसले. त्या वेळी मीही हसले, आणि त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

दुकानाच्या मागे सिमेंटचं छोटं अंगण होतं. तिथे भिंतीजवळ गाडीचं जुनं टायर पडलेलं होतं. नव्या पोराला पंधरा दिवस गळ द्यायचाच नाही, असा बाईंचा नियम. दोरीच्या टोकाला रबराचा बोराएवढा गोळा बांधायचा आणि टायरात टाकायला शिकायचं. टाकण्याआधी उजवीकडे बघायचं, डावीकडे बघायचं, मागे बघायचं आणि मोठ्याने म्हणायचं, मोकळं. हे ऐकून माझा जीव जरा भांड्यात पडला. जगात निदान एक तरी माणूस माझ्याइतकंच भित्रं आहे, असं वाटलं.

मुंगीचा पहिला गोळा छपरावर गेला, दुसरा माझ्या पायापाशी पडला. दर वेळी ती तिन्ही बाजूंना बघून मोकळं म्हणत होती. तेवढ्यात अण्णांना राहवलं नाही. आण इकडे, म्हणून त्यांनी काठी घेतली. ते उभे राहिले तशी मुंगी त्यांच्या डावीकडे जाऊन उभी राहिली, जेमतेम दोन हातांवर. अण्णांनी उजवीकडे बघितलं, मान जराशी डावीकडे वळवली, मागे बघितलं आणि दणदणीत आवाजात म्हणाले, मोकळं.

मुंगी तिथेच होती. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत अण्णांनी काठी तिरकी मागे नेली आणि पुढे फेकली. गोळा सूं करून मुंगीचं डोकं होतं तिथून गेला आणि बरोबर टायरात पडला. डोकं तिथे नव्हतं. काठी हलायच्या आधीच ती खाली बसली होती.

अण्णा खूश होऊन टायराकडे बघत होते. मुंगी उठली आणि गुडघ्यावरची धूळ झटकली. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. दचकून खाली बसलेलं माणूस मला ओळखता येतं, माझ्या खुर्चीत दिवसभर माणसं दचकत असतात. ही दचकली नव्हती. तिला सवय होती. अण्णांना आपण दिसत नाही हे धरूनच ती तिथे उभी राहिली होती.

गोळ्याच्या जागी गळ असता तर काय झालं असतं ते मला स्पष्ट दिसत होतं, मी ते एकदा पाहिलेलं होतं.

मी काठी अण्णांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांना स्टुलावर बसवलं. समोर एक खोकं ओढून मी बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. दवाखाना इथेच उघडलास का, असं ते गमतीने म्हणाले. मी त्यांचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि माझ्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं. मग माझी बोटं हलवत त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूने हात हळूहळू पुढे आणायला लागले. हात दिसला की सांगा, एवढंच सांगितलं. चांगला डोळा असला तर हात कानापासून जरा पुढे आला की माणूस हो म्हणतो.

अण्णा हो म्हणाले नाहीत. हात गालापाशी आला. मला तो कधीचाच दिसत होता. हात अजून पुढे आला. त्यांचा डोळा माझ्या नाकावर स्थिर होता, प्रामाणिकपणे, सांगितलं होतं तसा. बोटं जवळजवळ आमच्या दोघांच्या नाकांच्या मध्ये आली तेव्हा ते म्हणाले, हां, आता काहीतरी हललं. मी वरून केलं, खालून केलं. दुसरा डोळा केला. तो बरा होता, पण त्याचीही नजर कडेने जायला सुरुवात झालेली होती. डावा डोळा म्हणजे एक नळी उरली होती. नळीतून समोरची सुई दिसत होती, तक्त्यावरची शेवटची ओळ दिसत होती, आणि नळीबाहेर रस्ता, सायकली, पायऱ्या, पाणी, नात, काहीच नव्हतं.

दुकानदार बाई आत निघून गेल्या. मी मुंगीला जवळ बोलावलं आणि विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे.

ती रिळाचं बटण दाबत आणि सोडत राहिली. अण्णांनी कुणाला सांगायचं नाही म्हणून सांगितलंय, असं ती म्हणाली. मी आवाज चढवला नाही, तरी ती रडायला लागली आणि मग सगळं बाहेर आलं. शाळेत सोडायला जाताना एकदा डावीकडून आलेल्या सायकलने अण्णांना पाडलं होतं. तेव्हापासून ती डावीकडून चालते आणि पायरी आली की पायरी म्हणते, सायकल आली की सायकल म्हणते. हे वर्षभर चाललं होतं, रोज, दोन वेळा. मग एका रविवारी अण्णा बांधावरून परत आले तेव्हा घरात ती एकटीच होती.

"छातीपर्यंत भिजले होते," ती म्हणाली. "म्हणाले, बादली उलटली. पण बादलीने बुटात चिखल जात नाही ना, आई. मला मासे नकोत. मला ते बघवतपण नाहीत. पण तू म्हणालीस, नुसतं बसायला जायचं नाही."

मी तिला कुशीत घेतलं. तिची छाती पळून आल्यासारखी उडत होती. दोन महिने मी त्याला हट्ट म्हणत होते. दर रविवारी सकाळी अण्णा डबा घेऊन निघाले की ही खिडकीत बसायची, आणि ते परत येईपर्यंत काही खायची नाही. तेही मी नखरा म्हणून घेतलं होतं. माझ्या घरात नऊ वर्षांच्या पोरीने एका म्हाताऱ्या माणसाचा जीव एकटीने सांभाळला आणि मी तिला ओरडत होते, की सारखं तेच तेच काय बोलतेस.

राग आला की तो कुणावर तरी काढावा लागतो. मी अण्णांवर काढला. पाण्यात पडलात आणि सांगितलं नाहीत, पोरीला गप्प बसवलंत, बुडाला असतात तर हिने जन्मभर काय केलं असतं, असं बरंच काही बोलले. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांची मान खाली होती आणि हात मांडीवर, जणू माप घेऊन ठेवलेले.

"काय सांगणार होतो मी?" ते म्हणाले. "डोळे चांगले आहेत असं तूच दर वर्षी कार्डावर लिहून देतेस. मग राहिलं काय? डोकंच ना. थोरल्याचं झालं तसं माझंही सुरू झालं, असं वाटलं."

थोरला म्हणजे त्यांचा मोठा भाऊ. शेवटची चार वर्षं तो स्वतःच्या बायकोला ओळखत नव्हता आणि त्याला खोलीत बंद करून ठेवावं लागायचं. अण्णा त्याला भेटून आले की दोन दोन दिवस बोलायचे नाहीत, हे मी पाहिलं होतं. डावीकडच्या वस्तू जागच्या जागी असणार आणि आपल्या डोक्यातूनच त्या निसटत असणार, अशी त्यांची समजूत झाली होती. वर्षभर ते रोज सकाळी अंथरुणातच एकोणतीसचा पाढा म्हणून बघत होते. न अडखळता झाला तर तो दिवस आपला, असं मानून उठायचे. एकदा सातव्या घराला अडखळले तर दिवसभर शिलाई मशीनला हात लावला नव्हता, कारण सुईखाली बोट जाईल अशी भीती वाटली होती.

मी म्हटलं, अण्णा, तुमचं डोकं ठणठणीत आहे. हा काचबिंदू असणार. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेने जायला लागते. दुखत नाही, खुपत नाही, समोरचं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून माणसाला कळतच नाही. सोमवारी डॉक्टर नक्की काय ते सांगतील, पण वेडबिड काही लागलेलं नाही.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं रडतायत. रडतही होते, पण मधूनमधून हसत होते. नुसते डोळेच ना, नुसते डोळेच, असं चार वेळा म्हणाले. मग त्यांनी बाईंना आतून हाक मारून बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की ही माझी सून, हिने आत्ता दोन मिनिटांत माझी वर्षाची झोप परत आणली. मुंगीने डोळे पुसले आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मी सगळं नीट करून टाकलंय.

आणि मग मला खरी भीती वाटली. गळाची नाही, पाण्याची नाही.

डोळ्यातला दाब मोजायला अर्धं मिनिट लागतं. एक थेंब घालायचा, यंत्र डोळ्याला टेकवायचं आणि आकडा वाचायचा. दोन वर्षांपूर्वी अण्णा संध्याकाळी मला घ्यायला आले होते. शेवटचा पेशंट गेला होता, यंत्र मी झाकून ठेवलं होतं आणि डॉक्टर निघून गेले होते. आलाच आहात तर बघून टाकू, म्हणून त्यांच्याकडून तक्ता वाचून घेतला. त्यांनी शेवटची ओळ धडाधड वाचली. मी दाबाच्या रकान्यात दोन्ही डोळ्यांपुढे सोळा लिहिलं. सोळा हा चांगला आकडा आहे. कुणाला संशय येत नाही. पुढच्या वर्षी मागचं बघून सोळा लिहिलं, आणि यंदाही. परक्या माणसाच्या कार्डावर मी असं बारा वर्षांत एकदाही केलेलं नाही. परका माणूस म्हटला की मी डोळ्यांत तेल घालून तपासते. अण्णा घरचे होते, म्हणून केलं.

हे कुणालाच माहीत नव्हतं. दाब यंदाच अचानक वाढला असं म्हटलं असतं तर डॉक्टरांनीही मान हलवली असती. अण्णा माझ्या डोक्यावर हात ठेवून होते. त्यांचा हात हलका होता आणि मला तो सहन होत नव्हता. गप्प बसलीस तर हे घर जसं आहे तसं राहील, असं मी मनाशी म्हणत होते. आणि त्याच वेळी एकोणतीसचा पाढा कानात वाजत होता.

"अण्णा, दाब मी मोजलाच नव्हता," मी म्हटलं. "कार्डावरचे आकडे मी मनाने लिहिलेत."

हात डोक्यावरून लगेच निघाला नाही. त्यांना समजायला वेळ लागला.

"तिन्ही वर्षं?"

"तिन्ही."

"आता औषधाने परत येईल का, बाजूचं?"

"गेलं ते येत नाही. आहे ते टिकतं."

"आणि तेव्हा मोजला असतास तर?"

"बहुतेक सगळं वाचलं असतं."

मग त्यांनी हात काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा गुडघ्यावर ठेवला. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, की म्हणजे पाढे म्हणायची काही गरज नव्हती. मी नाही म्हटलं. मुंगी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला आकडे कळले नसतील, पण ती जागची उठली आणि अण्णांच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिली.

मला तिथून पळून जायचं होतं. चला घरी, सामानबिमान काही नको, असं मी म्हटलं. मुंगीने नाही म्हणून मान हलवली. ते जायचं थोडंच थांबवणार आहेत, ती म्हणाली, आणि अण्णांनी तिचं म्हणणं खोडून काढलं नाही. बांध आजपासून बंद, सोमवारी डॉक्टर, आणि मग गळ टाकायचा तो तलावाच्या उथळ टोकाला, कठडा आहे तिथे, तिघांनी मिळून, असं ठरलं. हे बाईंनीच सुचवलं. अण्णा फक्त हूं म्हणाले.

आम्ही पुन्हा गल्ल्यापाशी आलो. बाईंनी काठी, रीळ, रबराचा गोळा आणि जॅकेट एका बाजूला ठेवलं आणि पंधरा दिवसांनंतर लागतील म्हणून सहा छोटे गळ काढून कागदावर मांडले. गळाच्या टोकाजवळ आत एक बारीक उलटा काटा असतो. घुसलेला गळ त्याच्यामुळे बाहेर निघत नाही. पोरांच्या गळाचा तो काटा पकडीने दाबून सपाट करायचा, मग चुकून बोटात गेला तरी सरळ मागे येतो. बाईंनी एकेक काटा दाबला आणि कापसाचा बोळा माझ्या हातात दिला. गळ कापसातून ओढायचा, तंतू अडकला नाही म्हणजे काटा पुरता दबला.

त्या गवंड्याच्या डोळ्यातून गळ का निघत नव्हता ते मला आता कळलं. मी एकेक गळ उचलून उजेडात धरला. कापसातून ओढला, बोट फिरवून बघितलं, पुन्हा ओढला. एकही मी घाईने केला नाही. इतक्या लक्षपूर्वक मी आयुष्यात काही तपासलं नसेल. सहाही झाल्यावर मी कागद पुढे सरकवला.

"सहाही ठीक आहेत," मी म्हटलं.

बाई पुडी बांधायला लागल्या. अण्णा बाजूच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुणाला पाणी मागावं तसं ते बोलले.

"थांबा जरा. मुंगे, तू एकदा बघून घे."

मुंगीने माझ्याकडे बघितलं. मी कापूस तिच्या हातात दिला. ती गल्ल्यावर कोपर टेकून एकेक गळ कापसातून ओढायला लागली, जीभ दातांत धरून, खूप सावकाश. तिचं इवलंसं बोट गळाच्या टोकापाशी जात होतं आणि मी तिला जप असंसुद्धा म्हणू शकले नाही. आम्ही सगळे वाट बघत राहिलो.

"सहाही ठीक आहेत, अण्णा," ती म्हणाली.

तेव्हा अण्णांनी मान हलवली आणि बाईंना म्हणाले, आता बांधा.